‘ती दादाच्या यादीत आहे’

मैत्रिणींनो, दसरा सरला आणि सहामाहीचे पेपर संपत आले की घरोघरी एक कागद फिरू लागतो. तुमच्याही घरी तो आला असेलच. मुलांची दिवाळीची यादी! आमच्याकडची यंदाची यादी कागदावर नाही, यांच्या मोबाइलवर आली. चिरंजीवांनी वस्तूंची चित्रंच पाठवून दिली, किमतीसकट. वाण्याची यादी करताना मी आधी डबे हलवून बघते आणि मग लिहिते. या यादीत डबे हलवण्याचा प्रश्नच येत नाही. दिसलं की हवं.

आपल्या लहानपणीच्या याद्या आठवतात का हो? त्या बहुधा लिहिलेल्या नसतच. लिहिल्या तरी वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं. मामा येणार असं पत्र आलं, कर्णपुऱ्याच्या जत्रेला जायचं ठरलं, की मनातल्या मनात उजळणी सुरू व्हायची. दहा गोष्टी मागाव्यात तेव्हा एखादी पदरात पडायची. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर इतकं पाठ झालेलं असे की त्याचं वाईटही वाटत नसे. आणि त्या यादीत वर्षानुवर्षं एक मागणी पहिल्या नंबरावर असायची: चावीची आगगाडी.

माझं माहेर लासूर स्टेशनचं. गावाच्या नावातच स्टेशन! तिथल्या पोरांना आगगाडीचं वेड नसतं तरच नवल. मनमाडहून काचीगुड्याकडे जाणारी ही लाइन निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला सुरू झाली. ती मीटरगेज होती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आमच्या भागात ती ब्रॉडगेज झाली. माझ्या वडिलांच्या लहानपणी तिच्यावर वाफेचं इंजिन धावायचं. घरात घड्याळ एकच, तेही आजोबांच्या खोलीत, त्यामुळे आजी डाळ शिजायला टाकायची ती गाडीच्या शिट्टीवर. गाडीला उशीर झाला की घरात जेवणाला उशीर! लग्न होऊन मी फुलंब्रीला आले तेव्हा पहिले काही महिने मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं ते माणसांमुळे नव्हे, माणसं चांगली आहेत. शिट्टी ऐकू यायची नाही, म्हणून. आमच्या फुलंब्रीला रेल्वे नाही. इथून रेल्वे बघायची तर संभाजीनगरचं स्टेशन गाठावं लागतं.

तर ती चावीची गाडी. आमच्या माहेरी एक होती. १९६८ साली आजोबा दुकानाच्या खरेदीसाठी मुंबईला गेले, तेव्हा त्यांनी ती आणली. छापील पत्र्याचं काळं-लाल इंजिन, दोन डबे, डब्यांच्या खिडक्यांतून छापलेली माणसं बाहेर बघताहेत. एक बाई, एक हॅटवाला साहेब आणि तीच बाई पुन्हा. रुळाचे आठ तुकडे जोडले की गोल व्हायचा. इंजिनाच्या कुशीत एक चौकोनी भोक, त्यात चावी घालून पिळायची. आत पोलादी पट्टीची गुंडाळी असते, ती आवळली जाते, आणि सोडलं की दातेरी चाकांतून हळूहळू उलगडत चाकं फिरवते. गजराच्या घड्याळात असतं तसंच. दोन-तीन फेऱ्या धडाक्यात, मग एक दमलेली फेरी, मग वळणावर थांबायची. विटांचं स्टेशन, इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांचा बोगदा. दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी तिला जागा मिळायची. शिवाजी महाराज वर सिंहासनावर आणि खाली मावळ्यांच्या मधून आगगाडी चालली आहे, यात कुणालाही काही वावगं वाटत नसे.

ज्यांना ती मिळायची नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, ते आपापली गाडी बनवत. रिकाम्या काड्यापेट्या दोऱ्यात ओवायच्या, शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ उभं चिकटवलं की झालं धुराडं. तीही नसेल तर एकमेकांचा सदरा मागून धरायचा आणि अंगणभर झुकझुक करत फिरायचं. त्या गाडीत मात्र मुलीही इंजिन व्हायच्या. जिचा आवाज मोठा ती इंजिन!

पत्र्याच्या गाडीचं तसं नव्हतं. ती वडिलांची होती. वडिलांनंतर माझ्या दादाची झाली. माझ्या वाट्याला काम कोणतं, तर खेळून झालं की रुळाचे तुकडे मोजून खोक्यात भरायचं. आठ भरले की आईला सांगायचं, ‘आठ आहेत.’ मला त्यात अन्याय वगैरे वाटल्याचं आठवत नाही. घरात जशी दादाची सायकल होती तशी दादाची गाडी होती. मला भातुकली होती. भातुकलीला मी मुळीच नावं ठेवणार नाही, बरं का. त्या चिमुकल्या पितळी बंबात पाणी ओतून ‘तापलं का गं?’ असं विचारण्यात जे सुख होतं ते खऱ्या गिझरात नाही.

गेल्या भाऊबीजेला माहेरी ट्रंक उघडली, तेव्हा गाडी निघाली. माझी आत्या वैजापूरहून आली होती. ती आता ६६ वर्षांची आहे. सगळे जण इंजिन हातात घेऊन उलटंपालटं करत होते. चावी किती पिळायची, तुटेल का, याची चर्चा चाललेली. आत्यानं ते काढून घेतलं, चावी घातली आणि तोंडानं मोजत पिळली. अकरा. ‘बाराव्याला अडते,’ म्हणाली. खाली ठेवलं तर गाडी कुरकुरत का होईना, चालली.

माझे वडील म्हणाले, ‘तुला काय माहीत?’

‘तुझी शाळा दुपारची होती. आमची मुलींची सकाळची,’ आत्या म्हणाली. ‘आई झोपली की काढायची मी. रुळाचा एक तुकडा जरासा वाकडा आहे ना, तो तू वरून तिसरा ठेवायचास. मी पण तिसराच ठेवायची.’

वर्षभर तिनं असं केलं आणि घरात कुणाला पत्ता नाही. वडील थोड्या वेळानं म्हणाले, ‘मागायची की मग.’ त्यावर आत्या हसली. ‘मागितलीच होती. बाबा मुंबईला निघाले तेव्हा आगगाडी मीच सांगितली होती. तू तर शिट्टी मागितली होतीस.’

आजोबा वाईट नव्हते हो. त्यांनी आगगाडी आणली, ती मुलाला दिली, आणि मुलीला पितळेची भातुकली आणली, जी गाडीपेक्षा महागच असेल. त्यांच्या दृष्टीनं यादी पूर्ण झाली होती. फक्त नावं बदलली.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. खेळण्यातली आगगाडी जगात जिथं जिथं झाली, तिथं ती मुलग्यांसाठीच म्हणून झाली. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांवर चालणारी चावीची गाडी मांडली. इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं १९२० साली आपल्या गाड्या बाजारात आणल्या. अमेरिकेत सिअर्स नावाच्या टपालानं माल पाठवणाऱ्या दुकानानं १९३३ साली नाताळसाठी वेगळी पुस्तिका काढली. मुलं तिची पानं चाळायची, हव्या त्या चित्रावर खूण करायची आणि पुस्तिका आईबापांच्या नजरेस पडेल अशी ठेवून द्यायची. पुढे तिला ‘विश बुक’, म्हणजे इच्छांचं पुस्तक, असंच नाव पडलं. पहिल्याच अंकात बाहुली होती, मिकी माऊसचं घड्याळ होतं, गाणारे जिवंत पक्षी होते आणि लायनेल कंपनीची विजेवर चालणारी आगगाडीही होती. आमच्या चिरंजीवांची मोबाइलवरची चित्रं बघून मी कपाळाला हात लावला खरा, पण हा उद्योग नव्वद वर्षांचा जुना आहे!

त्याच लायनेलची एक गंमत सांगते. १९५७ साली त्यांना वाटलं, मुलींसाठीही गाडी काढावी. चांगलंच वाटलं. पण काढली कशी? इंजिन गुलाबी! डबे फिकट निळे, पिवळे, जांभळट, जणू बाळंतविड्यातली झबली. ती खपली नाही. मुलींना आगगाडी हवी होती, म्हणजे भावाच्या गाडीसारखी, खऱ्यासारखी, काळी. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. पडून राहिलेल्या त्या गुलाबी गाड्या आज जुन्या खेळण्यांचे शौकीन भरपूर किंमत मोजून शोधत फिरतात, तो भाग वेगळा.

आता इकडे या, फुलंब्रीत. मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. पाचवीच्या वर्गाला मी लेखनासाठी विषय दिला: ‘माझी दिवाळीची यादी’. अट एकच, मनात येईल ते लिहायचं, किंमत बघायची नाही. मुलग्यांनी धडाधड लिहिलं. रिमोटची जेसीबी, क्रिकेटचा संच, मोबाइल, घोडा. (एकानं ‘घोडा खरा’ असं कंसात लिहून वर अधोरेखितही केलं होतं.) मुलींच्या वह्या तपासायला घेतल्या आणि मी जरा थांबले. त्यांच्या याद्या आखूड होत्या, आणि पुष्कळ याद्यांत दुसऱ्याच कुणाची तरी वस्तू. ‘आईला मिक्सर.’ ‘बाबांना चांगली चप्पल, कारण शेतात काटे असतात.’ ‘छोट्या भावाला दप्तर.’ वाचून डोळ्यांत पाणी येतं, कौतुकही वाटतं. पण दहा वर्षांची पोर, किंमत बघू नकोस असं सांगूनही बघतेच आहे, ते माझ्या घशाखाली उतरेना. मुलगे मनात आलं ते लिहितात. मुली आधी पुसतात आणि मग लिहितात.

पुसतात म्हणजे खरोखरच पुसतात. एकीच्या यादीत पहिल्या ओळीवर खोडरबर घासल्याचा काळपट डाग होता आणि त्यावर ‘रंगपेटी’. कागद उजेडाकडे धरला तर खालची अक्षरं दिसत होती. ‘रुळावरची आगगाडी.’

मी तिला जवळ बोलावून विचारलं, हे का गं पुसलंस?

‘मॅडम, ती दादाच्या यादीत आहे.’

अगदी सहज म्हणाली. आत्याच्या आणि तिच्या मध्ये जवळजवळ साठ वर्षं गेली आहेत.

त्याच तासाला मी विचारलं, रेल्वेत कोण कोण बसलंय? हात अगदीच थोडे वर आले. पूर्वी निदान जळगावच्या रस्त्यानं जाताना पहूरला ‘पीजे’ दिसायची. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर धावणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी. रस्त्यावरच्या माणसाला ती खेळण्यातलीच वाटायची. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली, आणि रुळ रुंद करायचे ठरले. तिच्यासारखीच बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड कालथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली सुरू केलेली, तीही अडीच फुटीच. पंढरीच्या कितीतरी वारकऱ्यांना ती घेऊन गेली. तिचेही रुळ आता रुंद झाले. प्रवास सोयीचा झाला, तक्रार नाही. पण लहान पोरानं बघावं आणि ‘ही मला पुरेल’ असं वाटावं, अशा गाड्या आता थोड्याच उरल्या.

दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर मुलांना एक तरी दाखवा. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या मुलानं, अब्दुल हुसेन यांनी, वडिलांच्या पैशातून हा मार्ग बांधला. रुळ फक्त दोन फुटी. २००५ च्या जुलैतल्या पुरात मार्ग वाहून गेला, दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसानं तो पुन्हा उखडला, तो २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ववत झाला. इतक्यांदा मोडून पुन्हा उभी राहिलेली ही गाडी मला फार आवडते. आपल्याकडून कल्याणपर्यंत जायचं आणि कर्जत लोकलनं नेरळला उतरायचं. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. पुण्याला जाणार असाल तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या छोट्या गाड्या तिथं १९९८ पासून बघायला मिळतात. गाव, पूल, सिग्नल, सगळं छोटं आणि सगळं चालतं. मोठी माणसंच तिथून हलत नाहीत म्हणे! आणि पेशवे पार्कातली ‘फुलराणी’ १९५६ सालची. ती तर तुमच्यापैकी अनेकींची पहिली आगगाडी असेल.

यापैकी काहीच परवडण्यासारखं नसेल तर संभाजीनगरहून लासूरपर्यंत साध्या गाडीचं तिकीट काढा. दौलताबादचा किल्ला खिडकीतून दिसतो. शिदोरी बांधून न्या. मुलीला खिडकी द्या.

वर्गात मी आणखी एक गोष्ट सांगितली. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली रेल्वेत सहायक चालक झाल्या. पुढे त्या आगगाडी चालवणाऱ्या आशियातल्या पहिल्या महिला म्हणून ओळखल्या गेल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली. बोरघाट उतरून, बायांनो! १३ मार्च २०२३ ला सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्या निवृत्त झाल्या. मी सांगत होते तेव्हा मघाची ती मुलगी वहीकडेच बघत होती. ऐकत होती की नाही, कोण जाणे. तास संपल्यावर मात्र येऊन विचारलं, ‘मॅडम, इंजिनात चावी असते का?’

आता यादीबद्दल मी घरी काय करते ते सांगते. पटलं तर घ्या. भावंडांची यादी एकत्र करू देऊ नका. प्रत्येकाला वेगळा कागद, आणि लिहिताना शेजारी कुणी नको. एकच वस्तू दोघांच्या यादीत आली तर येऊ द्या, ती कुणाची हे नंतर बघू. मिळेल त्यातलं एकच, हे आधीच सांगून टाका. मुलांना नकार चालतो, टोलवाटोलवी चालत नाही. कागदावर तारीख घालून तो कपाटात ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. चिरंजीवांच्या सहा चित्रांपैकी चार तेवढ्यात त्यांनाच आठवेनाशी झाली. धाकटीनं कागदावर दोनच ओळी लिहिल्या आहेत आणि मला दाखवायला तयार नाही. मीही मागितलेला नाही.

आणि हो, एक कागद आपल्यासाठीही काढा. मी काढला होता. पहिल्यांदा लिहिलं ‘इडलीपात्र’. ते खोडलं.

कुणाच्या माळ्यावर जुनी पत्र्याची गाडी असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात जाऊ देऊ नका. पाण्यानं धुऊ नका, गंज वाढतो. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. चाकांच्या आसाला आणि दात्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. खोबरेल मुळीच नको. थंडीत ते गोठतं आणि गाडी जागची हलत नाही. पत्र्याच्या जिभा खाचेत घालून दुमडलेल्या असतात, त्या उघडून आत बघायचा मोह आवरा, दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडात घालणाऱ्या तान्ह्या बाळाच्या हाती देऊ नका. ठेवताना चावी पूर्ण उलगडलेली असू द्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती कपड्यात गुंडाळा. चावी हरवली असेल तर इंजिन घेऊन घड्याळजीकडे जा. जुन्या घड्याळाची एखादी चावी बसते का, ते तो बघून सांगेल.

आमच्या गाडीची चावी शाबूत आहे. यंदा भाऊबीजेला ती वैजापूरला आत्याकडे जायची आहे. वडिलांनी खोक्याला सुतळी बांधून ठेवली आहे. रुळाचे आठ तुकडे मीच मोजून भरले. वाकडा तुकडा वरून तिसरा.